चिंधा आणि चिंधी

पारोळा, एरंडोल, धरणगाव... नोकरीत बदल्या होत गेल्या, पण शाळेच्या जनरल रजिस्टरमधली काही नावं सगळीकडे सारखीच भेटली. चिंधा, नथ्थू, उखर्डू, दगा, भिका. बहुतेक वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या रकान्यात. पुण्याकडून नव्याने आलेले शिक्षक हसायचे. मला हसू येत नसे. यातली काही नावं म्हणजे एखाद्या मुलाच्या पहिल्या कपड्याची नोंद आहे, हे मला घरूनच ठाऊक होतं.

नीट सांगतो. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला आणि १८३७ ते १९०१ राणी व्हिक्टोरियाचा अंमल. त्या काळात इकडच्या लहान मुलाला कपडे असे फारसे नव्हतेच. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या लुगड्याचं बाळोतं, त्याचंच झबलं, डोक्याला टोपडं, थंडीत कुंची. ऐपत असली तर कुंची खणाची. मूल चालायला लागलं की मुलग्याच्या कमरेला करदोडा, आणि पुष्कळदा तेवढाच! मुलीला परकर-पोलकं, लग्न झालं की लुगडं. आपल्या बहिणाबाई चौधरी १८८० सालच्या, असोद्याच्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या. परकराचं वय केवढंसं होतं बघा. (त्यांच्या यजमानांचं नाव नथूजी, हे सहज आठवलं.)

कापूस मात्र आमच्याच शेतातला. १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवीत त्याला सोन्याचा भाव आला, मग रेल्वे आली, १८७० च्या दशकात जळगावात कापडगिरणीही उभी राहिली. पण कापड मिळू लागलं म्हणून बाळाला नवं कापड घालतील असं नाही. नव्या कापडाची भीती वाटे.

कारण मुलं मरत. देवी, पटकी, साधा ताप. इंग्लंडातसुद्धा तेव्हा हजारी दीडशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत जात, आपल्याकडे तर त्याहून जास्त. ज्या घरी पाठोपाठ मुलगे गेले, तिथे पुढच्याला लपवायचं. पाच घरच्या चिंध्या मागून झबलं शिवलं की तो चिंधा. उकिरड्यावर ठेवून परत उचलला की उखर्डू. उजवी नाकपुडी टोचून नथ घातली आणि परकर नेसवला की नथ्थू. अशा रूढींच्या नोंदी १९१४-१५ साली जॅक्सन आणि एन्थोव्हेन या साहेबांच्या नावाने छापल्या गेल्या. गोळा करून दिल्या त्या ठिकठिकाणच्या मास्तरांनी. असो, मास्तरांचं काम दुसऱ्याच्या नावावर जाणं काही आजचं नाही!

गंमत अशी की साहेबाच्या घरीही मुलगा फ्रॉकमध्येच असायचा. चार ते सात वर्षांचा होईपर्यंत मुलगा-मुलगी दोघांना फ्रॉक, मग एके दिवशी कौतुकाने पहिली विजार. कारण साधं होतं, लहान मुलाला विजारीची बटणं सोडवता येत नाहीत. पण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर चांगले मोठे मुलगेही घागऱ्यात असत, अगदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, आणि तिथले लोक सांगत की पऱ्या मुलगेच पळवतात म्हणून त्यांना फसवायचं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. हे तर आमच्या पांझरेकाठच्या आजीचंच बोलणं!

मी स्वतः परकरात वाढलेला मुलगा. माझ्याआधी दोन भाऊ गेले होते. देश स्वतंत्र झाला होता, पण आमच्या घरात आजीचा कायदा. "नवा कपडाले नजर लागस," म्हणत ती स्वतः पाच घरी चिंध्या मागायला गेली. माझं नाक टोचलं. छिद्र बुजलं, खूण आहे. पाचव्या वर्षापर्यंत मी अक्काचे जुने परकर घातले. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.

हे मी वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत आलो. आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी माझं चिंध्यांचं झबलं निघालं, घडी घालून ठेवलेलं. अक्काने ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली (ती अहिराणीत बोलली, मी सोपं करून लिहितो), "तुला मुलगी का केलं होतं रे? मुलीला यमसुद्धा नेत नाही म्हणून. माझं झबलं कसलं होतं, आहे कुणाला आठवण?" ट्रंकेत तिचं काहीच नव्हतं. आणि देवी काही मुलगा-मुलगी बघत नाहीत. अक्काला त्या लहानपणी आल्या होत्या, गालावर वण आहेत. तिला कुणी लपवलं नव्हतं. ती आपली आपण जगली.

१९४८ साली वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या सिंधुताई सपकाळांना लहानपणी घरी चिंधी म्हणत, नको असलेली म्हणून. आमच्याकडे मुलग्याला चिंधा म्हणायचे ते फार हवा म्हणून. चिंधी तीच. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या अडीचशेवर मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. चिंधा आणि नथ्थू यांच्यासाठी असा समारंभ झाल्याचं ऐकिवात नाही. त्यांना आपल्या नावाची लाज कशाला वाटेल?

गेल्या वर्षी अक्काला पणती झाली. डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी तिने धुळ्याहून नवा कोरा खण आणवला आणि हाताने कुंची शिवली. नातसून घाबरली. म्हणाली, "आजी, एवढं झगमगीत नको, दृष्ट लागेल."

"लागू दे की," अक्का म्हणाली. "मुलीला दृष्ट लागेल असं कुणाला वाटलं तर खरं!"

काजळाची तीट मात्र तिनेच लावली, चांगली ठसठशीत.