उसाच्या बेटावरचं सासर

लग्न कंधारला झालं. मॉरिशसहून वऱ्हाड आलं ते मोजक्या माणसांचं. सासर मी पाहिलं ते पुढं भाद्रपदात. पुण्यात शिकायला आलेल्या या मुलाचं आडनाव ऐकलं की कुणाला तरी नावानं हाक मारल्यासारखं वाटायचं. पण घरी गणपती बसतो म्हटल्यावर वडिलांनी पुढं फार चौकशी केली नाही. आईला मात्र घोर. "काय खातेत की माय ते लोकं," म्हणत तिनं बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि येसर कोंबलं.

विमानतळाबाहेर पडलो तर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. सप्टेंबर म्हणजे तिथला तोडणीचा हंगाम. अख्खं बेट आमच्या नांदेड जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंही नाही, आणि निम्मं रान उसाचंच असावं असं वाटत होतं. वाक्वाजवळच्या घरी पोचलो तेव्हा दारात सगळा गोतावळा जमलेला. सासूबाईंनी ओवाळलं, गालांचे मुके घेतले आणि लगेच ताटावर बसवलं. ताटात ढोलपुरी, म्हणजे गूळ घालायचा राहून गेलेली पुरणपोळीच. सोबत घेवड्याची भाजी न् टोमॅटोचा रस्सा. मी घास घेईपर्यंत कुणी जेवायला तयार नाही.

बोलणं सगळं क्रिओलमध्ये. सासूबाईंना हिंदी येते, मराठी जेमतेम. नणंदेची मुलगी शाळेत मराठी शिकते, ती माझ्याशी एकेक वाक्य जुळवून बोलायची. सगळ्यांचा एकच प्रश्न: हे तुमच्याकडं असंच करतात ना? 'इंडियातली सून' म्हणजे पंचांगच घरी आल्यासारखा मान. आता यांना काय सांगू! यांचे पूर्वज कोकणातले. दीड दिवसाचा गणपती, उकडीचे मोदक, सगळं तिकडचं. आमच्याकडं गणपतीपेक्षा प्रस्थ महालक्ष्म्यांचं: सोळा भाज्या, आंबील, फुलोरा. उकडीचा मोदक मला वळता येत नव्हता. नवऱ्यानं हे भाषांतर करून सांगितलं आणि घरभर हसू पिकलं.

तोवर मला ताटसुद्धा उचलू देत नव्हते. हरतालिकेच्या दिवशी मात्र सासूबाईंनी नारळाची वाटी माझ्या हातात दिली आणि खवणीकडं बोट केलं. आमच्याकडं खोबरं म्हणजे सुकं, किसणीवर किसायचं. ओला नारळ खवताना माझ्याकडून करवंटीजवळची तपकिरी साल यायला लागली. त्यांनी मनगट धरलं, वाटी थोडी फिरवली, मग थोडी आणखी. पांढरा चव पडायला लागला तशा त्या निघून गेल्या, माझ्याकडं वळूनही न पाहता. त्या घटकेपासून मी त्या घरातली झाले. संध्याकाळी माझं येसर त्यांच्या आमटीत पडलं. चटणीची बाटली तर दिरानंच पळवली.

सासऱ्यांनी एक कागद दाखवला, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतून काढून आणलेला. तिथं गिरमिटियांची, म्हणजे उसाच्या मळ्यांत राबायला करारावर आणलेल्या मजुरांची, दप्तरं जपून ठेवलेली आहेत. पणजोबांचा नंबर, जहाज, वय, उंची, जिल्हा रत्नागिरी. आडनाव म्हणून घरात चालतं ते त्यांचंच नाव. गोऱ्या कारकुनानं लिहिलं तसं. 1834 पासून पुढं साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बेटावर उतरली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर त्यांनी चढलेल्या सोळा पायऱ्या आहेत. 2006 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

"तुमच्याकडं ऊस तोडतात?" सासऱ्यांनी विचारलं.

मी सांगितलं: कंधार, मुखेड भागातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, लेकरंबाळं, भांडीकुंडी ट्रकमध्ये घालायची आणि कारखान्याच्या फडात पाल ठोकायचं. नवराबायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत तोडत राहायचं. नवरा एकेक वाक्य क्रिओलमध्ये सांगत होता आणि सासरे मान हलवत होते. त्यांच्या पणजोबांचा करार पाच वर्षांचा होता, वर सिरदार, म्हणजे तिथला मुकादमच.

"परत येतात का ते?"

"येतात. पावसाळ्याच्या तोंडावर, पेरणीला."

"आमचे नाही आले," ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. त्याच्या पुढच्या दिवशी विसर्जन, त्यासाठी देशभर सुट्टी. समुद्राकडं निघालेल्या वाटेवर ढोलकीवर झाकरीचा फेर. रामदासांची आरती मात्र सगळ्यांना पाठ, चालही आमचीच. त्यात मी पुढं होते.

पुढच्या वर्षी सासूबाई महालक्ष्म्यांना कंधारला येणार आहेत. आईचा फोनवर पुन्हा तोच घोर: कुठं बसवू, काय खाऊ घालू, कसं बोलू. मी म्हटलं, आल्या दिवशी पाटावर बसव. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या निवडायला घे त्यांना. बोलायचं त्या आपोआप काढतील.