नानांची रेकॉर्ड-वही

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरमधले आमचे रामबागेतले जुने घर सोडून आम्ही गावाबाहेरच्या सदनिकेत राहायला गेलो. सामान बांधताना खरा प्रश्न पडला तो दोनच गोष्टींचा: माझी पुस्तके आणि वडिलांच्या रेकॉर्ड्स. पुस्तकांचा निकाल लवकर लागला, कारण शाळेचे ग्रंथालय माझ्याच हाताखाली आहे. रेकॉर्ड्स मात्र एकशे त्रेचाळीस निघाल्या. सौभाग्यवतींनी दिवाणखान्याच्या भिंतीकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिले. मुलगी पुण्याहून मदतीला आली होती. ती म्हणाली, "बाबा, यातले बहुतेक सगळे मोबाईलवर आहे." तिचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून मी ठरवले, की प्रत्येक रेकॉर्ड एकदा ऐकावी आणि मगच काय ते ठरवावे. त्या दीड महिन्यात जे ऐकले आणि जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेलच.

आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, एका कापड गिरणीच्या हिशेबखात्यात कारकून होते. १९७१ साली त्यांनी सुटकेसप्रमाणे बंद होणारा एक रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि स्वतःला एक नियम घालून दिला: दरवर्षी दिवाळीच्या बोनसातून एक रेकॉर्ड. अधिक नाही आणि उणेही नाही. कारकुनाच्या सवयीने त्यांनी एक लांबट वही घातली. तीत तारीख, रेकॉर्डचे नाव, किंमत आणि शेवटी 'शेरा' असे रकाने आखले. बाकीच्या रेकॉर्ड्स भेटीदाखल आल्या, कोणी गाव सोडताना ठेवून गेले, काही मी नोकरीला लागल्यावर जमवल्या. आमच्या घरी संगीताची कोणतीही एक आवड नव्हती. ज्याला जे रुचले ते येत गेले. त्यामुळे आमचा संग्रह एखाद्या धर्मशाळेसारखा झाला आहे. तिथे कोणाच्या शेजारी कोण उतरेल याचा नेम नाही.

सर्वांत जुन्या आहेत त्या आजोबांच्या बालगंधर्वांच्या चार तबकड्या. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या या तबकड्या लाखेच्या असत. हातातून पडल्या की काचेसारख्या फुटत आणि एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे वाजत. रात्ररात्र चालणारे नाट्यगायन त्या साडेतीन मिनिटांत बसवायचे, म्हणजे महापुराला घागरीत भरणे होय. तरीही त्या खरखरीच्या आडून नारायणराव राजहंसांचा स्वर वर येतो, तेव्हा आमची माई डोळे मिटून का बसत असे, ते कळते. आमच्या प्लेअरला अठ्ठ्याहत्तरचा वेग होता, म्हणून त्या ऐकता आल्या.

दुसरी रेकॉर्ड 'अभंग तुकयाचे'. गायिका लता मंगेशकर आणि संगीत श्रीनिवास खळे यांचे. लताबाईंचा जन्म १९२९ साली आमच्याच इंदूरच्या शीख मोहल्ल्यातला, हे सांगताना इंदूरकर मराठी माणसाची मान अजूनही थोडी ताठ होते. पण या रेकॉर्डचे आमच्या घरावरचे ऋण वेगळे आहे. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, बाजारात माळवी, अशा वातावरणात वाढलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडी 'ळ' काही केल्या येत नसे. 'बाळ' म्हणायचे तर ती 'बाल' म्हणे. आईने तिला रागावण्याऐवजी रोज सकाळी वेणी घालताना ही रेकॉर्ड लावायला सुरुवात केली. पावसाळा सरेपर्यंत बहिणीच्या जिभेवर 'ळ' स्थिरावला. मी एम.ए.ला मराठीचे ध्वनिशास्त्र शिकलो. पण त्या अध्यापनाची सर कोणत्याही ग्रंथाला आली नाही.

कुमार गंधर्वांची 'त्रिवेणी' ही तिसरी. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा १९४८ साली क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन देवासला आला, ते कोरड्या हवेसाठी. कित्येक वर्षे गाणे बंद होते. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी खिडकीतून काय ऐकले, तर माळव्यातल्या बायकांची गाणी आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. पुढे ते गाऊ लागले तेव्हा ते सारे त्यांच्या गळ्यातून बाहेर पडले. इंदूरहून देवास तासाभराच्या अंतरावर आहे. ही रेकॉर्ड ऐकताना मला नेहमी वाटते, की परप्रांतात येऊन राहिलेल्या माणसाने त्या भूमीकडून काय घ्यावे आणि तिला काय द्यावे, याचा याहून चांगला धडा आम्हां बाहेरच्या मराठी माणसांना मिळणार नाही.

आईची स्वतःची अशी एकच रेकॉर्ड होती, बेगम अख्तर यांच्या गझलांची. १९७४ च्या ऑक्टोबरात बेगमसाहेबा गेल्या आणि पुढच्या दिवाळीस आईने, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, स्वतःसाठी काही मागितले. उर्दू तिला निम्मेच कळे. वरच्या स्वरावर बेगमसाहेबांचा आवाज किंचित चिरकतो. रसिक त्या चिरेवर जीव टाकतात. आईही तेवढ्या क्षणी हातातले काम थांबवी. तिला काय आठवत असे, ते आम्ही कधी विचारले नाही.

१९७६ च्या नोंदीसमोर नानांच्या अक्षरात 'मुलांचा हट्ट' असा शेरा आहे. ती 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड! गाणी नव्हेत, नुसते संवाद. त्या काळी गल्लीगल्लीत ती वाजे. आमच्या गणपतीच्या मांडवातही आरतीनंतर वाजली आणि एका वयोवृद्ध गृहस्थांनी त्यावर्षी वर्गणी परत मागितली. नाना ती लागली की फिरायला निघून जात. पण एकदा दाढी करताना ते गब्बरसिंगाचे वाक्य त्याच ठेक्यात पुटपुटताना मी ऐकले आहे.

जिम रीव्हज या अमेरिकन गायकाची रेकॉर्ड आमच्याकडे आली ती महूच्या एका अँग्लो-इंडियन रेल्वे-गार्डकडून. ते कुटुंबासह ऑस्ट्रेलियास निघाले तेव्हा नानांना ती देऊन गेले. नानांचे इंग्रजी जमाखर्चापुरते. शब्द कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण तो खोल, संथ आवाज ऐकून ते म्हणाले, "हा माणूस घाई करत नाही." नानांच्या तोंडी याहून मोठी स्तुती नव्हती.

आणि 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ साली निघालेली ही रेकॉर्ड शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांनी मिळून काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस रंगवते. पहाटेच्या अहीर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. ही मात्र माझी खरेदी. नोकरीच्या सुरुवातीस एका आदिवासी गावच्या शाळेत होतो, तिथे मी प्लेअर नेऊन मुलांना ती ऐकवली. गोष्टही सांगितली. सगळे गप्प होते. शेवटी एक मुलगा, जो स्वतः बकऱ्या चारून शाळेत येई, म्हणाला, "सर, इसमें कुत्ता क्यों नहीं भौंकता?" कोणत्याही समीक्षकाने या रेकॉर्डवर घेतलेला इतका अचूक आक्षेप माझ्या वाचनात नाही.

आता ज्या रेकॉर्डसाठी हे सारे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

उस्ताद अमीर खाँसाहेब इंदूरचे. त्यांच्या पित्याची, शहामीर खाँ यांची, इथल्या होळकर दरबारी चाकरी होती. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कोलकात्यात मोटार अपघातात खाँसाहेब गेले. त्या दिवाळीस नानांनी त्यांची रेकॉर्ड आणली. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. मारवा हा सूर्यास्ताचा राग. कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम यांच्यामुळे आणि पंचम अजिबात नसल्यामुळे तो सतत अधांतरी वाटतो. षड्जावर यायचे तेही गायक लांबवत नेतो. खाँसाहेब तो अतिविलंबित लयीत असा मांडतात, की उतरणाऱ्या उजेडाला जणू घर सापडत नाही. नाना गिरणीतून येत, हातपाय धूत आणि दिवेलागणीपूर्वी ही बाजू लावत. त्या वेळी घरात कोणी बोलत नसे. एकदा, सातव्या वर्षी, मी त्यांच्या आधी ती लावायला गेलो आणि हातातून सुई पडली. तेव्हापासून त्या जागी मारवा 'टक्' असा अडखळे. नानांनी मारले नाही. म्हणाले, "हळू ठेवायची असते."

१९९१ साली गिरणी बंद पडली. थकलेली देणी मिळण्याची चिन्हे नव्हती. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत दोन दिवसांवर आली, शिकवण्यांचे पैसे महिनाअखेरीस मिळायचे, आणि ज्यांचा पगारच थांबला त्या नानांपुढे हात पसरण्याचे धैर्य मला झाले नाही. राजवाड्याच्या मागे जुन्या वस्तूंचा एक व्यापारी बसे. त्याच्याकडे मी पाच-सहा रेकॉर्ड्स नेल्या. बाकीच्यांना त्याने हातही लावला नाही. खाँसाहेबांची मात्र त्याने उलटून पालटून पाहिली आणि रक्कम सांगितली. ती फीपेक्षा अकरा रुपयांनी अधिक होती. मी ती दिली. अर्ज भरला, उत्तीर्ण झालो. त्या पदवीवर पुढे नोकरी लागली, आज मुख्याध्यापक आहे.

त्या दिवसानंतर दिवेलागणीस मारवा लागला नाही. नाना कपाटाशी एकदा गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. असे मौन एकदा पडले की ते दरवर्षी जड होत जाते. 

नोकरी लागल्यावर मी ती रेकॉर्ड शोधत राहिलो. अखेर २००९ साली मुंबईच्या चोरबाजारात एक उत्तम प्रत मिळाली. नाना तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. संध्याकाळी काही न बोलता मी ती लावली. ते कानामागे हात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "छान आहे. पण आपली नव्हे. आपली तिथे अडखळायची." माझ्या ओठांवर सारे आले होते, पण तेवढ्यात आईने चहा आणला आणि तो क्षण गेला. २०१६ साली नानाही गेले.

या मे महिन्यात, कपाट रिकामे करताना, वर्तमानपत्राच्या घडीखाली ती लांबट वही सापडली. मुलगी मोठ्याने नोंदी वाचू लागली. 'मुलांचा हट्ट'वर आम्ही हसलो. मग ती १९७४ वर आली आणि थांबली. "बाबा, हे काय आहे?" म्हणून तिने वही माझ्यापुढे धरली. मारव्याच्या नोंदीसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, वेगळ्या शाईने लिहिले होते: 'सन १९९१. चि. च्या परीक्षा-खाती वर्ग.'

जमाखर्च ठाऊक असलेल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. रक्कम हरवली, चोरीस गेली किंवा बुडाली, तर ती नोंद वेगळी असते. 'वर्ग' म्हणजे एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात घालणे, आणि तेही मालकाच्या संमतीने. त्यांना तेव्हाच कळले होते. त्यांनी ती रेकॉर्ड मला देऊन टाकली होती, आणि पंचवीस वर्षे मी ती चोरलेली समजत होतो. मी त्या वर्षी एक शब्द बोललो असतो, तर त्यांनाही उत्तर द्यायला जागा मिळाली असती, एवढेच आता वाटते. मुलीला मी सगळी हकीकत सांगितली. सांगणे इतके सोपे होते, हे त्या दिवशी समजले.

रेकॉर्ड्सची वाटणी झाली आहे. 'अभंग तुकयाचे' बहिणीकडे गेली. तिच्या नातवाला 'ळ' अवघड जातो. आईची बेगम अख्तर सौभाग्यवतींनी न विचारता आपल्या कपाटात ठेवली. 'शोले' भाच्याने पळवली. तीसेक रेकॉर्ड्स नव्या घरी आल्या आहेत. उभ्या ठेवल्या आहेत आणि खिडकीपासून दूर, कारण आडव्या रचल्या वा ऊन लागले तर तबकडी वाकते. बाकीच्या, ज्यांच्याकडे यंत्र आहे आणि संध्याकाळचा अर्धा तास मोकळा आहे, अशा ओळखीच्या घरांत जात आहेत.

मुलीने स्वतःसाठी एकही रेकॉर्ड मागितली नाही. तिने वही मागितली. देण्यापूर्वी मी एक राहिलेली नोंद केली: चोरबाजारातली मारव्याची प्रत नानांनी कधी वहीत चढवलीच नव्हती. तारीख घातली, किंमत घातली. शेऱ्याच्या रकान्यात 'परीक्षा-खात्यातून परत' असे लिहिले आणि त्यापुढे, हिशेबाच्या शिस्तीत बसत नसले तरी, 'अडखळत नाही' एवढे दोन शब्द.