कवितेची वर्गणी



कवितेचा इतिहास अभ्यासताना आपण कवीची प्रतिभा, त्याचा काळ, त्याच्यावरील संस्कार आणि त्याची शब्दकळा यांचा विचार करतो. ती कविता वाचकापर्यंत पोहोचावी म्हणून कागदाचा, छपाईचा आणि टपालाचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न मात्र प्रश्नपत्रिकेत सहसा येत नाही. तो येथे विचारावा, असे मला वाटते.

भाषाविज्ञानाचा अभ्यासक असल्यामुळे हा प्रश्न मला प्रथम शब्दांतून जाणवला. कवीला मिळणाऱ्या आधारासाठी मराठीत राजाश्रय, लोकाश्रय, बिदागी, देणगी, मानधन, वर्गणी असे अनेक शब्द आहेत. 'आश्रय' म्हटले की देणारा वर असतो आणि घेणारा त्याच्या सावलीत. 'बिदागी' निरोप देताना हातावर ठेवली जाते. 'मानधन' या शब्दात मान पुढे असतो, आणि व्यवहारात पुष्कळदा धन मागेच राहते. 'वर्गणी' या सर्वांहून निराळी आहे. तिच्यात अनेकांनी थोडेथोडे द्यायचे असते आणि देणाऱ्यांपैकी कोणीही मालक व्हायचे नसते. एका परभाषेतील कवितेचे भाग्य अशा वर्गणीने कसे बदलले, ती हकीकत आपल्यालाही विचार करायला लावणारी आहे.

अमेरिकेतील शिकागो शहरात हॅरिएट मन्रो नावाच्या कवयित्री राहत असत. १८९२ साली तेथील जागतिक प्रदर्शनाच्या समर्पण सोहळ्यासाठी त्यांनी एक दीर्घ गौरवकाव्य लिहिले. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने ते त्यांच्या अनुमतीवाचून आधीच छापून टाकले. मन्रो न्यायालयात गेल्या आणि त्यांना ५,००० डॉलरची भरपाई मिळाली. कविता ही कोणीही उचलून न्यावी अशी बेवारस वस्तू नाही, तिच्यामागे एका माणसाचे श्रम आहेत, हे तत्त्व त्यांनी असे कृतीतून सिद्ध केले.

पुढे त्या वृत्तपत्रासाठी कलासमीक्षा लिहू लागल्या. चित्रकारांना, शिल्पकारांना, वास्तुकारांना संग्रहालये होती, पारितोषिके होती, धनिकांचे पाठबळ होते. कवीला यांपैकी काहीच नव्हते, ही विषमता त्यांना खुपत होती. वयाच्या पन्नाशीत त्या शहरातील व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांत एकेकाकडे स्वतः गेल्या आणि त्यांनी एकच मागणी केली : दरवर्षी ५० डॉलर, पाच वर्षांसाठी. शंभराहून अधिक जणांनी ते मान्य केले. या बळावर ऑक्टोबर १९१२ मध्ये 'पोएट्री' हे मासिक निघाले. छापलेल्या कवितेचा मोबदला कवीला द्यायचा, हा नियम त्यांनी आरंभापासून पाळला.

या योजनेतील शहाणपण कशात आहे? देणारे पुष्कळ होते, म्हणून कोणा एकाचा शब्द संपादकावर चालणे कठीण होते. मुदत पाच वर्षांची होती, म्हणून दर अंकाला झोळी पसरण्याची वेळ येणार नव्हती. या दोन गोष्टींमुळेच संपादकाला धाडस करता आले. दुसऱ्याच अंकात मन्रो यांनी आपले धोरण जाहीर केले. दार सर्वांसाठी उघडे राहील, आणि कवी कोणत्या गावचा, कोणत्या पंथाचा, हे न पाहता कविता तेवढी पाहिली जाईल, असा त्याचा आशय होता. त्या उघड्या दारातून डिसेंबर १९१२ च्या अंकात रवींद्रनाथ ठाकूर आत आले. 'गीतांजली'तील सहा रचना त्यात छापल्या गेल्या. नोबेल पारितोषिकाची घोषणा व्हायला तेव्हा सुमारे एक वर्ष अवकाश होता. १९१४ मध्ये कार्ल सँडबर्ग यांची शिकागोवरची रांगडी कविता आली. जून १९१५ मध्ये टी. एस. एलियट हा तरुण कवी प्रूफ्रॉकच्या प्रेमगीतासह आला. ती कविता स्वीकारताना मन्रो साशंक होत्या. परदेशी प्रतिनिधी एझरा पाउंड यांच्या आग्रहामुळे त्यांनी ती घेतली आणि अंकाच्या अखेरच्या भागात छापली. स्वतःच्या रुचीला न मानवणारे लेखनही छापता येणे हा उघड्या दाराचा खरा अर्थ होय.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९१३ साली या मासिकाचे २५० डॉलरचे पारितोषिक डब्ल्यू. बी. येट्स यांना मिळाले. त्यांनी त्यातील थोडीच रक्कम ठेवून घेतली आणि उरलेली एखाद्या तरुण कवीला द्यावी असे कळवून पाउंड यांचे नाव सुचवले. वर्गणीची वृत्ती संसर्गजन्य असते, ती अशी.

मन्रो १९३६ मध्ये पेरू देशात प्रवासात असताना निवर्तल्या. मासिक मात्र चालू राहिले, बहुधा ओढाताणीत. मग २००२ साली नियतीने कूस पालटली. रूथ लिली या औषधउद्योगातील घराण्याच्या वारसदार होत्या. त्यांनी पूर्वी पाठवलेल्या कविता या मासिकाने साभार परत केल्या होत्या, पण नकाराची पत्रे संपादकाने सौजन्याने लिहिली होती. त्याच लिलींनी मासिकाच्या संस्थेला जी देणगी जाहीर केली, तिचे मूल्य तेव्हा सुमारे १० कोटी डॉलर मानले गेले. २००३ मध्ये त्या संस्थेचे 'पोएट्री फाउंडेशन' झाले. आज शिकागोत तिची स्वतःची इमारत व कवितेचे ग्रंथालय आहे.

येथे कथा सुखान्त होते असे मात्र समजू नका. जून २०२० मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन पेटले असता संस्थेने चार वाक्यांचे एक निवेदन काढले. इतका मोठा निधी हाती असताना एवढेच का, असा जाब अनेक कवींनी जाहीर पत्राने विचारला, आणि संस्थेचे अध्यक्ष व विश्वस्त मंडळाचे प्रमुख या दोघांनाही पायउतार व्हावे लागले. वर्गणी देणारे शंभर असतात तेव्हा संस्थेला शंभरांना उत्तर द्यावे लागते. निधी एकरकमी आला की उत्तर कोणाला द्यायचे, हे संस्थेला नव्याने ठरवावे लागते. पैसा नसल्याने कविता अडते हे खरे, आणि पैसा आल्याने सारे प्रश्न सुटत नाहीत हेही तितकेच खरे.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असे नाही. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाने कविता श्रोत्यांपर्यंत नेली. साठच्या दशकातील अनियतकालिके तर कवींनी पदरमोड करूनच चालवली. नाशिकचे कुसुमाग्रज प्रतिष्ठान आणि मालगुंडचे केशवसुत स्मारक आजही कवीचे नाव व कविता जागती ठेवून आहेत.

तरीही एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात एक कवी रात्रभर एस.टी.ने प्रवास करून आले. दोन तास त्यांनी विद्यार्थ्यांना खिळवून ठेवले. शाल आणि श्रीफळ सज्ज होते. मानधनाचे विचारले तेव्हा कळले की खर्चाच्या वहीत कवीसाठी शीर्षच नाही. मंडप, ध्वनिक्षेपक, अल्पोपाहार या सर्वांसाठी आहे. आम्ही आठ-दहा प्राध्यापकांनी तेथेच वर्गणी काढली आणि पाकीट त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते उघडून पाहिले नाही, एवढेच म्हणाले, "पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत घालतो." त्या वर्षापासून विभागात एक डबा आहे. दर महिन्याला प्रत्येकाने त्यात थोडी रक्कम टाकायची, आणि वर्षाला एक कवी येतो तो योग्य मानधन घेऊनच परततो.

तुम्ही नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून शिकता. पुस्तकासाठी बाजूला काढलेल्या रुपयाचे मोल तुम्हाला कोणी सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच ही विनंती तुम्हाला करतो. आपल्या अभ्यासकेंद्रावर चार-पाच जणांनी मिळून वर्षातून एक नवा कवितासंग्रह विकत घ्यावा, छायाप्रत काढू नये, आणि तो आळीपाळीने वाचावा. आवडली नाही अशी कविताही एकदा मोठ्याने वाचून पाहावी. जमल्यास कवीला पत्र लिहावे. भाषेत नवे शब्द, नवी वाक्यरचना, नवे अर्थ आणण्याचे काम कवी तुमच्या-माझ्यासाठी करीत असतो. त्या कामाचा खर्च केवळ त्याने एकट्याने का सोसावा?