झाकलेला डबा

हस्त नक्षत्र लागलं आणि दुपारी एकदा गडगडून पाऊस आला, की मला गल्लीतला हादगा आठवतो. सप्टेंबरची २७ तारीख, एखादा दिवस इकडेतिकडे. भिंतीवर हत्तीचं चित्र, त्यावर कारली-काकड्यांच्या, फळांच्या माळा, आणि शाळेतून येऊन दप्तर टाकून फेर धरणाऱ्या आम्ही. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. पण आमचं सगळं लक्ष खिरापतीकडं. गाणी संपली, की झाकलेला डबा पुढं यायचा. कानाशी धरून हलवायचा. गोड का तिखट? तळलेलं का उकडलेलं? ओळखल्याशिवाय झाकण निघत नसे.

यंदा भाची राहायला आली ती लॅपटॉप घेऊन. त्यावर ‘युमे निक्की’ नावाचा जपानी खेळ. नावाचा अर्थ स्वप्नांची रोजनिशी. किकियामा या टोपणनावानं कुणीतरी २००४ साली एकट्यानं केला आणि लोकांना फुकट देऊन टाकला. खेळात मादोत्सुकी नावाची मुलगी आहे. खोलीच्या दाराशी नेलं, की ती मान हलवते. बाहेर जायचंच नाही. झोपली, की मात्र स्वप्नात तेच दार उघडतं. मग पुढं बारा दारं, प्रत्येकामागं वेगळं जग. तिथं फिरून २४ चीजा शोधायच्या. कुणी फारसं बोलत नाही. शेवट असा आहे, की तो बघून भाची बराच वेळ गप्प बसून होती.

“मावशी, हिला काय झालंय ते कुठंच सांगत नाहीत गं. आपणच ओळखायचं.”

ओळखायचं, हा शब्द ऐकला आणि मला तो डबा दिसला.

आम्ही फेर धरून म्हणायचो त्या गाण्यांत काय होतं? कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. ते उगवू दे, वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, त्याची भाजी होऊ दे. एक दार उघडावं तर पुढं दुसरं. भाजी करून झाली, तरी परवानगी मिळतच नाही. सासऱ्याला विचार, दिराला विचार. माहेर असेल दोन कोसांवर, आणि मधे अख्खा वेल वाढायचा. आम्ही मात्र पुढची ओळ कुणाला आधी आठवते यावर भांडत होतो.

आणि ते ‘श्रीकांता कमलकांता’. वेड्याच्या बायकोनं लाडू केले, त्यानं चेंडू समजून खेळायला घेतले. करंज्या केल्या, त्या होड्या म्हणून पाण्यात सोडल्या. शेवयांना अळ्या समजून फेकून दिलं. इथवर हसून हसून पोट दुखायचं. मग शेवटचं कडवं : बायको झोपली होती, वेड्यानं पाहिलं, मेली असं समजून जाळून टाकली. त्यावरही आम्ही हसायचो, टाळ्या वाजवायचो आणि डब्याकडं धावायचो. आत कधी लाडू असत, कधी करंज्या.

ही गाणी कुणी केली, त्या बायकांची नावं राहिली नाहीत. बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबरांनी जन्मभर हिंडून बायकांच्या ओठांवरचं असं लोकधन गोळा केलं, छापून ठेवलं. त्यांचे उपकार मला फार मोठे वाटतात. पण छापलेलं वाचतानाही मला हे उमगलं नव्हतं. त्या संध्याकाळी भाचीला गाणं म्हणून दाखवताना उमगलं. गाणंभर ती बाई चुलीपुढं आहे. लाडू वळते, करंज्या भरते, शेवया करते. एकदाच आडवी होते, आणि त्याच कडव्यात संपते. कुणीतरी हे पुरतं ठाऊक असताना रचलं, आणि पोरींच्या तोंडी देऊन ठेवलं.

भाची हसली नाही. बाहेर पाऊस ओसरला होता, पागोळ्या गळत होत्या.

“ती नुसती झोपली होती ना गं?”

“हो,” मी म्हटलं, “दमली होती.”