पूल, सरहद्द आणि मिठाईचा डबा

परदेशातून आणखी एका परदेशात जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे, ही कल्पना आपल्याकडच्या माणसाला पचायला जरा जडच. सरहद्द म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काटेरी तार उभी राहते. पण क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिक या समुद्रकाठच्या शहरी न्याहारी करावी, दुपारी शेजारच्या बोस्नियात जेवावे आणि रात्री पुन्हा लाटांचा आवाज ऐकत झोपावे, हा तिकडे येणाऱ्या प्रवाशांचा नित्याचा परिपाठ आहे. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही उभयतांनी तो केला.

सहलीच्या बसेस असतात. पण त्या मोस्तार शहरात मोजून दोन तास सोडतात आणि आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे कुणाच्या शिट्टीवर चालत नाहीत. म्हणून दिवसभरासाठी मोटार ठरवली. मोटारीपेक्षा महत्त्वाचा व्हिसा. त्याच वर्षी १ जानेवारीला क्रोएशिया शेंगेन गटात सामील झाला होता. तेव्हा ज्याच्या व्हिसावर एकदाच प्रवेशाची मुभा, तो बोस्नियात जेवायला गेला की परत येऊ शकत नाही. सामान हॉटेलात आणि मालक सरहद्दीपलीकडे! आमच्यावर 'अनेक वेळा' असा शेरा होता, तरी हिने आदल्या रात्री दोन्ही पासपोर्ट चष्मा लावून दोनदा वाचले.

नकाशा पाहिला तर क्रोएशियाचा लांबलचक किनारा एके ठिकाणी तुटलेला दिसतो. मध्ये सुमारे वीस किलोमीटर बोस्नियाचे, न्यूम नावाचे गाव. बोस्नियाला समुद्र मिळतो तो एवढाच. याचे मूळ १६९९ च्या तहात आहे. तेव्हा डुब्रोव्हनिक हे व्यापाऱ्यांचे स्वतंत्र प्रजासत्ताक होते आणि त्याला तुर्कांपेक्षा व्हेनिसची धास्ती अधिक. म्हणून व्हेनिसच्या मुलखाला आपला बांध लागू नये, यासाठी मधली पट्टी त्यांनी तुर्कांच्या ताब्यात जाऊ दिली. भांडखोर भावाशी भिंत सामाईक नको म्हणून मधली खोली तिऱ्हाइताला द्यावी, तसला हा व्यवहार. पुढे १७९७ साली व्हेनिसचे राज्य बुडाले, १८०८ साली डुब्रोव्हनिकचे प्रजासत्ताक गेले, यथावकाश तुर्कही गेले. खोली मात्र तिऱ्हाइताकडेच राहिली! डुब्रोव्हनिकच्या माणसाला मोटारीने आपल्याच राजधानीला जायचे, तर वाटेत परक्या देशाला दोनदा पासपोर्ट दाखवावा लागे. अखेर जुलै २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा जवळजवळ अडीच किलोमीटरचा पूल खुला झाला. जाताना आम्ही त्यावरूनच गेलो.

आमचा ड्रायव्हर चाळिशीच्या आसपासचा, अदबशीर, इंग्रजी चांगले बोलणारा. नेरेत्वा नदीच्या मुखाशी संत्र्यांच्या जातीच्या फळांचे मळे आहेत, ते त्याने हौसेने दाखवले. मेत्कोविच येथे सरहद्द ओलांडली आणि त्याचे बोलणे कमी झाले.

मोस्तारचा पूल चित्रात शंभरदा पाहिला तरी प्रत्यक्षात छातीत धस्स करतो. एकच कमान, हिरव्यागार पाण्यावर उंच उचललेली, आणि चढ इतका की पाय घसरू नये म्हणून दगडी पट्ट्या बसवल्या आहेत. १५६६ साली तुर्की स्थपती हैरुद्दीन याने तो पुरा केला. पूल कोसळला तर शिरच्छेद, असे सुलतानाचे फर्मान होते. म्हणून पराती काढण्याच्या दिवशी त्याने आपली कबर खणून ठेवली, अशी दंतकथा सांगतात. कबर वाया गेली. पूल सव्वाचारशे वर्षे टिकला आणि ९ नोव्हेंबर १९९३ रोजी बोस्नियातल्याच क्रोएट फौजेच्या तोफगोळ्यांनी नदीत पडला. आज उभा आहे तो त्याच जातीच्या स्थानिक दगडात पुन्हा बांधलेला, जुलै २००४ मध्ये खुला झालेला. पुलापाशी एका धोंड्यावर एवढेच लिहिले आहे, की '९३ विसरू नका. त्याच्या शेजारीच फ्रिजला चिकटवायचे रंगीत पूल विकायला असतात. कठड्यावर तरुण पोरे उड्या मारायला उभी. हातात पुरेसे पैसे जमेपर्यंत ती नुसतीच दंड चोळतात.

ड्रायव्हर पश्चिम काठावर मोटारीपाशीच थांबला. "चला ना," ही म्हणाली. "गाडी सांभाळतो," तो म्हणाला. तिथे गाडी सांभाळण्यासारखे काही नव्हते.

आम्ही पलीकडे पालक भरलेली, गुंडाळून भाजलेली पिठाची वळकटी खाल्ली. तांब्याच्या चिमुकल्या भांड्यात कॉफी आली, सोबत साखरेत घोळलेली लोकुम नावाची मऊ वडी. हिला ती इतकी आवडली, की तिने दोन डबे घेतले.

परतताना हिच्या आग्रहाने न्यूमवरून आलो. वाटेत तो आपण होऊन बोलू लागला. १९९१ साली युगोस्लाव्ह सैन्याने डुब्रोव्हनिकला वेढा घातला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. पाणी नाही, वीज नाही. किल्ल्याच्या जाड भिंतीआड आईच्या कुशीत बसून तोफा मोजायचा. "आम्हाला वाटे, आमच्यासारखे हाल जगात कुणाचे नाहीत." आई मूळची मोस्तारची, पश्चिम काठावरची. दोन वर्षांनी पूल पडल्याची बातमी आली, तेव्हा ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडली. तिचा धाकटा भाऊ त्या वेळी मोस्तारातच, फौजेत होता. "तो कोणत्या कामावर होता, हे आईने कधी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. मी पर्यटकांना पुलापर्यंत आणतो. वर जात नाही."

मला काय बोलावे सुचेना. हिने पिशवीतून एक डबा काढला आणि पुढच्या सीटवर ठेवला. "आईंना द्या." त्याने तो उचलून वरचा पत्ता वाचला.

"दुकान पुलाच्या कुठल्या बाजूला?"

"पलीकडच्या," ही म्हणाली.

न्यूमपुढच्या चौकीवर क्रोएशियाच्या अधिकाऱ्याने आमचे पासपोर्ट चाळले आणि त्याला त्यांच्या भाषेत काही विचारले. त्याने डबा दाखवून दोन शब्दांत उत्तर दिले. अधिकारी हसला आणि दांडा वर गेला.

"काय सांगितलंत?" हिने विचारले.

"आईसाठी आहे, म्हटलं."