मोजलं, पण वाचलं नाही

गेल्या शनिवारची रात्र अंधेरीच्या ऑफिसात गेली. एका रक्तपेढीचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवायचा होता. काम तसं सरळ: बॅकअप घ्या, फाइल नव्या सर्व्हरवर न्या, रिस्टोअर करा, झालं. पश्चिम रेल्वे घेते तसा आम्हीही जंबो ब्लॉक घेतला होता.

रात्री दोनला रिस्टोअर संपलं. एरर शून्य. प्रत्येक टेबलातल्या ओळी मोजल्या, दोन्हीकडे सारख्या. "झालं रे, जुनं मशीन रिकामं करायला सांग," मित्र म्हणाला. मी मेल लिहायलाही घेतला. सहज म्हणून एका रक्तदात्याची नोंद उघडली. रक्तगट बरोबर, फोन बरोबर, आणि नावाच्या जागी भलतीच चिन्हं!

भानगड जुनी होती. मायएसक्यूएलचं डीफॉल्ट २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ होतं. जुन्या अ‍ॅपने त्याच टेबलांत यूटीएफ-८ मधली मराठी कोंबली होती. यूटीएफ-८ मध्ये आपलं एक देवनागरी अक्षर तीन बाइट घेतं. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामने त्या तीन बाइटना तीन वेगळी अक्षरं समजून पुन्हा यूटीएफ-८ केलं. साध्या 'र'ची तीन चिन्हं झाली. ओळी मात्र तेवढ्याच!

जुनं मशीन चालू होतं म्हणून वाचलो. कॅरेक्टर सेट लॅटिन-१ ठेवून पुन्हा बॅकअप घेतला, रिस्टोअर करताना यूटीएफ-८ सांगितलं. नावं परत आली. सोमवारी त्या कचऱ्यात नव्या, बरोबर नोंदी मिसळल्या असत्या तर निस्तरणं महाकठीण होतं.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबचंही असंच काहीसं झालं. चुकून मुख्य डेटाबेस उडवला गेला, आणि मग कळलं की रोजचे बॅकअप आवृत्ती न जुळल्याने फेलच होत होते. इशाऱ्याचे मेलही पोचत नव्हते. एका इंजिनिअरने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने तारलं.

असो. पहाटेच्या लोकलने बोरिवलीला घरी आलो. आता आमच्या चेकलिस्टमध्ये शेवटची ओळ आहे: पाच नावं डोळ्यांनी वाचा.

तुम्ही तुमचा बॅकअप शेवटचा कधी उघडून वाचलात?