‘च’चा जाच

काही वर्षांपूर्वी माझा पीएच.डी.चा प्रबंध परीक्षकांकडून दुरुस्तीसाठी परत आला. शेरे कठोर होते, पण अन्यायाचे नव्हते. तरीही पुढचे चार महिने मी ते बाड कपाटातून बाहेर काढले नाही. वर्गात तासभर न अडखळता बोलणारी मी, स्टाफरूममध्ये कोणी प्रबंधाची चौकशी केली की विषय बदलत असे.

त्याच काळात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) वाचनात आला. मनोविश्लेषणाची वाट सोडून १९५५ च्या सुमारास त्याने विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचे मूळ एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाच्या विचारात आहे. घटना आणि आपली भावना यांच्यामध्ये आपला समज उभा असतो. भावनेला आकार देतो तो मुख्यतः हा समज. एलिसच्या मते त्रासदायक समजांच्या मुळाशी हट्ट असतो : मी यशस्वी झालेच पाहिजे, इतरांनी माझ्याशी नीट वागलेच पाहिजे, जग माझ्या सोयीचे असलेच पाहिजे.

व्याकरण शिकवणाऱ्या मला ही वाक्ये ओळखीची वाटली. ‘प्रबंध मान्य व्हावा’ हा विध्यर्थ. त्यात इच्छा आहे. ‘तो मान्य झालाच पाहिजे’ म्हटले की इच्छेचा हुकूम होतो, आणि हुकूम मोडला की ‘मी नालायकच’ हा निवाडाही ठरलेला. दोन्हीकडे तोच ‘च’.

प्रथम शंका आली, की हा ‘च’ काढला तर माणूस कोरडा होणार नाही का? पण एलिस दुःख नाकारत नाही. अपयशाने वाईट वाटणे त्याला निरोगी वाटते. खचून हातपाय गाळणे नाही. शिवाय केवळ समजून घेणे त्याला पुरेसे वाटत नसे. एकोणिसाव्या वर्षी, मुलींशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी त्याने ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी संभाषण केले. एकीनेच भेटायचे कबूल केले; तीही आली नाही. भीती मात्र ओसरली.

हे वाचल्यावर मी बाड काढले. शेरे वाचताना वाईट वाटले, पण वाचून झाले. पुढे प्रबंध मान्य झाला. त्याआधी एक प्रकरण दोनदा लिहावे लागले.

विद्यार्थ्यांच्या निबंधांतले अनावश्यक ‘च’ मी आजही लाल शाईने खोडते. स्वतःच्या मनातले खोडायला मात्र रोज नव्याने बसावे लागते.